कोंबड्यांना हाक मारणारी मुलगी : गोव्याच्या संग्रहालयांना एक खुले पत्र

गोव्यातील युद्धाच्या आणि मुक्तिलढ्याच्या स्मृती जपणाऱ्या सर्व संग्रहालयांच्या व्यवस्थापकांस, तसेच राज्य सरकारच्या संबंधित खात्यांतील अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांमध्ये ३४ वर्षे शिकवून निवृत्त झाले. माझा जन्म १९६१ च्या मुक्तीनंतरचा, त्यामुळे पोर्तुगीज अंमल मी पाहिला नाही. तो मी ऐकला, आणि सगळ्यात जास्त ऐकला तो माझ्या आत्याकडून. हे पत्र तिच्यामुळेच लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात मी आत्याला घेऊन गोव्यातल्याच एका संग्रहालयात गेले होते. कुठल्या ते लिहीत नाही, कारण मला कुणाकडे बोट दाखवायचे नाही. आत्याचे गुडघे दुखत होते, बसायला जागा नव्हती, फलक इंग्रजीत होते. मी वाचून दाखवत होते आणि ती ‘हं हं’ करत होती. मग एका काचेच्या पेटीपाशी ती थांबली. आत एक जुना रेडिओ होता. तिने काचेवर हात ठेवला आणि बोलायला लागली. माझ्याशी नव्हे, त्या रेडिओशीच.

आमच्या वाड्यावर शेजारच्या घरी असाच एक रेडिओ होता. १९५५ च्या नोव्हेंबरपासून सीमेपलीकडच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ लागायचा. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे आंबोलीच्या परिसरातून आणि पुढे कॅसलरॉकच्या बाजूने कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत ते केंद्र चालवत होते. ते ऐकणे हा गुन्हा. म्हणून रेडिओवर घोंगडी टाकून, आवाज अगदी बारीक करून, चार-पाच माणसे डोकी खुपसून बसत. आत्या तेव्हा दहा-बारा वर्षांची. तिचे काम अंगणात उभे राहायचे. वाटेवर पाखलो, म्हणजे गोरा पोर्तुगीज शिपाई, दिसला, किंवा पाखल्याच्या कानाला लागणारा कुणी दिसला, की तिने कोंबड्यांना बोलवायचे. तिने हाक मारली की आत रेडिओ बंद, आणि माणसे मागच्या दाराने कुळागरात, पोफळीच्या बागेत.

ही गोष्ट सांगता सांगता तिने त्या संग्रहालयाच्या दालनात, वयाच्या पंचाहत्तरीत, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची ती हाक मारून दाखवली. ‘ती ऽ ती ऽ ती ऽ ती…’ मोठ्याने, खणखणीत.

एका शाळेची सहल आली होती. पुढे गेलेली मुले वळली. दोघीतिघी परत आल्या, मग आणखी आली, आणि बघता बघता तीसेक मुले तिच्याभोवती उभी राहिली. एकाने विचारले, ‘आजी, कोंबड्या खरंच यायच्या?’ आत्या म्हणाली, ‘यायच्या तर! दाणे नाही मिळाले की माझ्याकडे रागाने बघायच्या.’ मुले हसली. एका मुलीने विचारले, ‘तुम्हाला भीती वाटायची?’ यावर आत्या थोडी गप्प झाली आणि म्हणाली, ‘हाक चुकली तर बाबांना नेतील, एवढंच कळायचं.’

हे सगळे मिळून सातेक मिनिटे चालले. मग तिथल्या कर्मचाऱ्याने नम्रपणेच सांगितले, वाट अडते आहे, पुढे चला. शाळेचीही वेळ झाली होती. मुले गेली. आत्याचे नाव कुणी विचारले नाही, आमचा पत्ता कुणी लिहून घेतला नाही. गेल्या पावसात आत्या गेली. तिच्या आवाजातली ती हाक आमच्यापैकी कुणाच्याही मोबाइलमध्ये नाही. यात माझीही चूक आहे, आणि ती मला रोज टोचते.

त्या दिवशी त्या संग्रहालयात जे घडले तो त्या वर्षातला तिथला सर्वांत चांगला कार्यक्रम होता असे मी शिक्षिका म्हणून ठामपणे सांगते. तो कुणी आखला नव्हता. माझी मागणी एवढीच आहे, की असे प्रसंग आपण आखावेत. वस्तू आपल्याकडे आहेत, त्यांच्यामागचा जीव आमच्या घरांत आहे. दोघांची गाठ घालून देणे हे संग्रहालयाचे काम आहे, आणि ते वर्षातून एका दिवसाच्या मंडपात होणारे नाही.

१९६१ साली जे दहा वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष भाग घेतला त्यांतले तर फारच थोडे उरले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडलेली होती. आमच्या बाजूच्या गावांत अजून अशी माणसे आहेत ज्यांना १८ डिसेंबर १९६१ ची, म्हणजे भारतीय सैन्य गोव्यात शिरले त्या दिवसाची, पहाट आठवते. माघार घेताना पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा, शापोरा इथले पूल उडवले, त्याच्या दणक्याने चुलीमागच्या उतरंडीतली मडकी वाजली असे आत्या सांगायची. उजाडले तेव्हा शिपाई दिसले आणि त्यांतले काही शीख होते. आयुष्यात पगडी न पाहिलेल्या बायकांना वाटले, हे कुठले नवीन पाखले! मग कुणीतरी हिंदीत दोन शब्द बोलले आणि त्या पाण्याच्या कळशा घेऊन बाहेर आल्या. दोडामार्गाच्या बाजूने आलेली ती तुकडी त्याच संध्याकाळी बेतीला पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी ओलांडून पणजीत उतरली, हे पुस्तकांत आहे. कळशा पुस्तकात नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट : दर महिन्याला एक ‘आठवणींचा दिवस’ ठेवा. निमंत्रणपत्रिका, समई, शाल-श्रीफळ, मान्यवरांची भाषणे यांतले काही नको. एक दालन, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, चहा, आणि ध्वनिमुद्रण नीट येणारा एक माणूस. लोकांना सांगा, घरात त्या काळातली एखादी वस्तू असेल तर घेऊन या. परवान्याचा कागद, पोर्तुगीज शिक्क्याची पावती, तुरुंगातून आलेले पत्र, नाकेबंदीच्या दिवसांतला बटाट्याचा डबा. भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा गोव्यात बटाटे हॉलंडहून येत, हे आज मुलांना सांगितले तर खोटे वाटते. घरातला तो डबा पाहिला की खरे वाटते. वस्तू ठेवून घेण्याची घाई करू नका. फोटो काढा, गोष्ट नोंदवा, वस्तू सन्मानाने परत द्या. विश्वास बसला की लोक आपणहून आणून देतील. अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचे संग्रहालय उभे राहिले ते अशाच घरोघरच्या वस्तूंवर आणि नोंदवलेल्या आठवणींवर.

आणि माणसे गेल्यावर काय, हा प्रश्न आहेच. हिरोशिमा शहराने त्याचे एक उत्तर शोधले आहे. अणुबॉम्बमधून वाचलेली माणसे म्हातारी होऊ लागली तेव्हा त्यांनी २०१२ पासून आठवणींचे वारस तयार करायला घेतले. तरुण माणूस एका वृद्धाकडे जाऊन त्याची हकीकत शिकतो, ती तपासून घेतो, आणि मग संग्रहालयात बसून लोकांना सांगतो. ‘हे मी पाहिलेले नाही, ज्यांनी पाहिले त्यांनी मला सोपवले आहे,’ असे म्हणून सांगतो. आपल्याला तर ही रीत नवीन नाही. आमच्या देवळांत कीर्तनकार दुसरे काय करतात? परंपरेने हाती आलेली गोष्ट, तिच्यात पदरचे न घालता, समोरच्याच्या काळजापर्यंत पोचवायची. गोव्यातल्या गावोगावच्या नाट्यमंडळांत आवाज कमावलेली, पाठांतर पक्के असलेली पोरे आहेत. जत्रेला रात्रभर नाटक करणाऱ्या मुलाला वीस मिनिटांची खरी गोष्ट सांगायला शिकवणे अवघड नाही. फक्त एक अट कडक हवी : पदरचे घालायचे नाही. रंगवून सांगितलेला एक प्रसंग उघडा पडला तर उरलेल्या दहा खऱ्या प्रसंगांवरचाही विश्वास उडतो.

दुसरे, तारखांचे. १८ जून आणि मुक्तिदिनाचा १९ डिसेंबर हे दोन दिवस सोडले तर आपल्याकडे युद्धाची आणि लढ्याची आठवण निघत नाही. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांच्या आणि ज्युलियांव मिनेझिस यांच्या सभेने जे पेटले त्याचे स्मरण व्हायलाच हवे. पण १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेद आफोन्सो आणि त्यांच्या सोबत्यांनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला, त्या दिवशी तेरेखोलला मुले का नेत नाही? पुढच्याच वर्षी त्याच तारखेला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग तिथे पडला. पेडण्याच्या मुलाला पंजाबातला एक तरुण आपल्या सीमेवर येऊन का मेला असा प्रश्न पडला, की इतिहासाचे अर्धे काम झाले. आमच्या जवळच्या अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोलिसांच्या छळात १८ फेब्रुवारी १९५५ ला गेले, गोव्याच्या लढ्यातले पहिले हुतात्मा म्हणून त्यांचे नाव घेतात. माझ्या शेवटच्या वर्गातल्या २२ मुलांपैकी एकालाही ते नाव माहीत नव्हते. यातला माझा वाटा मी कबूल करते आणि तुमचाही मागते.

ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा इथल्या युद्धस्मारकात २०१३ पासून रोज संध्याकाळी स्मारक बंद होण्याआधी एका, फक्त एका, मृत सैनिकाची गोष्ट वाचली जाते. रोज नवे नाव. आग्वादच्या जुन्या कारागृहात, जिथे २०२१ च्या १९ डिसेंबरपासून संग्रहालय आहे, तिथे रोज नको, दर शनिवारी संध्याकाळी एक नाव घ्या. तिथे कोंडलेल्या सत्याग्रहींचे. त्यांना सोडवायला आलेल्या ७ कॅव्हलरी या भारतीय रणगाडा पलटणीच्या मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांचे, जे तिथेच कामी आले. अंजदीव बेटावर उतरताना मारल्या गेलेल्या सात नौसैनिकांचे. दहा मिनिटे पुरतात. आग्वादला मावळतीला येणारे पर्यटक सूर्याचे फोटो काढायला येतात, त्यांतले चार जण थांबले तरी पुष्कळ, आणि शनिवारी कांदोळी-नेरूलच्या घरांतली माणसे येऊ लागली तर त्याहून चांगले.

बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयाबद्दल थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मुलांना सर्वांत जास्त आवडलेली जागा ती. १९९८ साली सुरू झालेले हे संग्रहालय म्हणजे गोव्याच्या मुलांसाठी खजिना आहे. सी हॉक, आलिझे, सी हॅरियर ही विमाने तिथे उघड्या आकाशाखाली उभी आहेत. पण मूल विमानाभोवती फिरते, पंखाखाली वाकून बघते, आणि पाच मिनिटांत कंटाळते, कारण विमान स्वतः काही बोलत नाही. बोलणारी माणसे वास्को-चिखलीच्या परिसरात राहतात. नौदलात आयुष्य घालवलेले कितीतरी मेकॅनिक, फिटर, डेकवर काम केलेले जवान निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झाले आहेत. त्यांना महिन्यातून दोन रविवार बोलवा. हलत्या जहाजाच्या छोट्याशा डेकवर सी हॉक उतरते कसे, त्याच्या शेपटीकडचा आकडा आडव्या तारेत अडकतो कसा, ती तार हुकली तर वैमानिक काय करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याच्या तोंडून ऐकू द्या. मग त्याच मुलाला सी हॅरियरपाशी न्या आणि विचारा, याला तार का लागत नव्हती? सरळ खाली उतरणारे विमान बघताना त्याचे डोळे कसे होतात ते मी पाहिले आहे. अंगणात दोरी बांधून आणि खेळण्यातल्या गाडीला वाकवलेला खिळा लावून आम्ही शाळेत हा प्रयोग केला होता. पैसे लागले नाहीत.

तिथे एक मोठे, चार इंजिनांचे, शेपटीला तीन पाती असलेले विमान आहे, सुपर कॉन्स्टेलेशन. ते आपल्या नौदलाचे, आधी एअर इंडियाचे. पण याच जातीच्या दुसऱ्या एका विमानाची गोष्ट दाबोळीच्या धावपट्टीवर घडली आहे. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर सुमारे ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. धावपट्टी फोडली. तळावर पोर्तुगालच्या विमान कंपनीचे एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि गोव्याच्या विमानसेवेचे एक डीसी-४ उभे होते, ते वाचले. त्याच रात्री अंधारात, धावपट्टीचा जेमतेम दुरुस्त केलेला तुकडा वापरून ही दोन्ही विमाने निसटली आणि कराचीला पोचली. विचार करा, ज्या तळावर बॉम्ब पडले तोच तळ आज भारतीय नौदलाचा, त्या रात्री निसटलेल्या विमानाचे भावंड त्याच तळाच्या शेजारी मुलांसमोर उभे, आणि ही गोष्ट त्या विमानाखाली बसून कुणी सांगत नाही! डिसेंबरातली एक रात्र ठेवा. चटया टाका. विमानाच्या पंखाखाली बसवून ही एकच गोष्ट सांगा, शेवटी दिवे मालवा. मुले जन्मभर विसरणार नाहीत.

तसेच मुरगावच्या बंदराचे. दुसरे महायुद्ध गोव्यात आलेच नाही असे आपण समजतो. पोर्तुगाल तटस्थ होता म्हणून जर्मनीची तीन आणि इटलीचे एक अशी चार जहाजे मुरगावात आसरा घेऊन अडकली होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी घोडदळातल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या, चहामळे आणि पेढ्या सांभाळणाऱ्या इंग्रजांनी एका जुन्या बोटीतून येऊन ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला. त्या जहाजावरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात असा त्यांचा समज होता. जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच पेटवली आणि बुडवली. हा छापा १९७८ पर्यंत गुपित राहिला. पण आगीचे ते लोळ वास्कोतल्या, सडा-बोगद्याच्या घरांतून दिसले नसतील का? त्याच वर्षी ऑक्टोबरात याच बंदरात अमेरिका आणि जपान यांनी आपापल्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल केली, एकेका बाजूचे सुमारे १,५०० लोक. शिवाय त्या युद्धात ब्रिटिश जहाजांवर नोकरीला असलेले आमचे तरवटी, म्हणजे जहाजावरचे नोकरदार. स्वयंपाकी, वाढपी, फायरमन. बार्देश-साष्टीच्या किती घरांत भिंतीवर अशा माणसाचा फोटो आहे, ज्याच्या खाली मृत्यूचे ठिकाण म्हणून फक्त ‘समुद्र’ लिहिलेले असते. कुठल्या बाजूने, कुठल्या राजासाठी हे विचारायला त्यांच्याकडे सवड नव्हती, घरी पैसे पाठवायचे होते. त्यांच्या घरच्यांना कुठल्या संग्रहालयाने आजवर ‘या, बसा, सांगा’ म्हटले आहे?

आता जे लिहायला मला जड जाते ते लिहिते. डिसेंबर १९६१ च्या त्या दोन दिवसांत आपले २२ जण गेले आणि पोर्तुगीजांचे ३०. ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ या त्यांच्या जुन्या युद्धनौकेवरचे खलाशी आपल्या नव्या, ताकदवान जहाजांसमोर लढले आणि शेवटी जहाज किनाऱ्याला लावावे लागले. लिस्बनहून सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी तो न मानता १९ डिसेंबरच्या रात्री शरणागतीवर सही केली. त्या सहीने पणजी वाचली, मुरगाव वाचले. त्या सहीसाठी त्यांच्या देशाने त्यांना सैन्यातून काढून टाकले. माझ्या आजोबांनी पोर्तुगीज पोलिसांच्या हातचा मार खाल्ला होता, आणि तरीही ही गोष्ट मुलांना सांगायला हवी असे मला मनापासून वाटते. गोव्यातही अशी घरे आहेत ज्यांतला माणूस तेव्हा पोर्तुगीज चाकरीत होता, कुणी शिपाई, कुणी कारकून, कुणी रेजिदोर, म्हणजे गावचा सरकारी कारभारी. मुक्तीनंतर ती घरे गप्प झाली. काही पोर्तुगालला गेली. मुक्ती ही मुक्तीच होती, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि असल्या कार्यक्रमात तिच्यावर वाद घालू नये असेही मला वाटते. पण त्या घरांतल्या म्हातारीलाही एक खुर्ची द्या. तिने सांगितलेले ऐकून माझ्या आजोबांचा मार काही कमी होत नाही.

मणिपुरात इंफाळच्या लढाईच्या जागी, रेड हिलच्या पायथ्याशी, २०१९ मध्ये शांती संग्रहालय उघडले. १९४४ साली तिथे ब्रिटिश-भारतीय आणि जपानी सैन्ये भिडली आणि मधल्या मधे गावे भरडली गेली. त्या गावांचे ऐकायला तिथे जागा आहे. लढाई ज्यांच्या शेतातून गेली त्यांचे म्हणणे सेनापतींच्या म्हणण्याइतकेच महत्त्वाचे असते, हे आम्हा शेतातल्या माणसांना सांगावे लागत नाही.

याच ओघात एक स्पष्ट विनंती. मुलांच्या हातात प्लास्टिकच्या बंदुका देऊन ‘युद्ध दिन’ साजरे करू नका. वेशभूषा स्पर्धाही पुरे झाल्या. खोटी मिशी आणि खोटा रक्ताचा डाग लावलेले पाच वर्षांचे मूल पाहून मला कधी अभिमान वाटला नाही, काळजी वाटली. त्यापेक्षा त्याला सत्याग्रहीची पिशवी भरायला सांगा. सीमेवर जायचे आहे, मार बसणार आहे, काय काय घेशील? माझ्या एका विद्यार्थिनीने उत्तर दिले होते, ‘जास्तीचा सदरा, म्हणजे रक्ताचा आईला दिसणार नाही.’ नऊ वर्षांची होती ती.

भाषेचे थोडक्यात. मराठी आणि कोकणी फलक हवेत, रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोकणीही हवी, कारण साष्टीतल्या आजी तीच वाचतात. अक्षर मोठे हवे. दर दालनात एक बाक हवा. अंध विद्यार्थ्यांसाठी हाताळता येतील अशा प्रतिकृती हव्यात, आणि त्या केल्या की डोळस मुलेही त्यांनाच आधी हात लावतील, लावू द्यावा.

आणि जी माणसे तुमच्यापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे तुम्ही जा. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या टोकाच्या गावातून आग्वादला जायचे तर दोन-तीन बस बदलाव्या लागतात आणि अख्खा दिवस जातो. म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही. एक पेटी करा. तिच्यात रेडिओची प्रतिकृती, त्या केंद्रावरून झालेल्या निवेदनाचे पुन्हा वाचून मुद्रित केलेले शब्द, सत्याग्रहींचे फोटो, नकाशा, तुरुंगातल्या पत्राची प्रत. ही पेटी वाचनालयांत, देवळाच्या सभामंडपात, चर्चच्या सभागृहात, शाळांत महिना महिना फिरू द्या. सत्तरीत ती गेली की लोक १९६१ वर थांबणार नाहीत, ते तुम्हाला नाणूसच्या किल्ल्यावर नेतील आणि १८५२ साली पोर्तुगीजांविरुद्ध उठलेल्या दिपाजी राण्यांबद्दल बोलू लागतील. बोलू द्या. त्यांच्याकडे तो इतिहास रणमाल्याच्या लोकनाट्यात आणि जती नावाच्या गाण्यांत जिवंत आहे, आणि आपल्याकडे त्याची चांगली ध्वनिमुद्रणे फार थोडी आहेत.

वेळापत्रक करताना गावाला विचारा एवढे मात्र आवर्जून सांगते. भातकापणीत कुणी येणार नाही. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या, सामानाचे, तेव्हाही नको. शिगम्याच्या दिवसांत गाव मांडावर, खेळाच्या जागी, असते. नाताळच्या आठवड्यात अर्धे लोक पाहुण्यांत. चवथ आटोपली की कापणीपर्यंत, आणि पुढे कालो-जत्रांचा हंगाम ओसरल्यावर, माणसे निवांत असतात आणि बोलायच्या मनःस्थितीत असतात. १९ डिसेंबरला तुमची इतर कामे असतात, आमच्या म्हाताऱ्यांना तेव्हा टीव्हीवर संचलन बघायचे असते.

पैशाचा प्रश्न तुम्ही काढाल. मी वर जे लिहिले त्यात नवी इमारत कुठेही नाही. लागेल ते माणसांचे मानधन, प्रवासखर्च, चहा, ध्वनिमुद्रणाचे एक बरे यंत्र, आणि नोंदी नीट जपणारी एक व्यक्ती. ही शेवटची व्यक्ती सर्वांत महत्त्वाची. निवृत्त शिक्षक म्हणून आमच्यापैकी अनेक जण विनामूल्य यायला तयार आहेत. सांगणाऱ्याची लेखी परवानगी घेणे, त्याचे बोलणे त्याला परत ऐकवणे, त्याने ‘हे नको’ म्हटले तर तेवढे वगळणे, हे सगळे आम्ही शिकून घेऊ. वर्गात उपस्थिती लावण्याची सवय असलेल्या माणसांना नोंदवही नवी नाही.

आत्याच्या जाण्यानंतर मी गप्प बसले नाही. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत मिळून अकरा माणसे मला सापडली आहेत, सगळ्यात लहान ७३ वर्षांची. त्यांतल्या सात जणांनी बोलायला होकार दिला आहे, दोघे म्हणाले विचार करून सांगतो, दोघांच्या घरच्यांनी नको म्हटले. एकाला पत्रादेवीची गर्दी आठवते. एका बाईंचा भाऊ आग्वादला होता, त्याला जेवणाचा डबा द्यायला ती वडिलांबरोबर चालत जायची, आणि पहारेकरी डब्यातल्या भातात काठी खुपसून बघायचा ते ती काठीच्या जाडीसकट सांगते. एक जण फारसे बोलत नाही, पण सुंदर चित्र काढतो.

आणि तो रेडिओ. शेजाऱ्यांच्या माळ्यावर तो अजून आहे. त्यातले मागचे फळकुट वाळवीने खाल्ले आहे, बटणे शाबूत आहेत. त्यांचा मुलगा तो उसना द्यायला तयार आहे, एका अटीवर : तो काचेच्या पेटीत ठेवायचा नाही, मुलांना त्याच्यावर घोंगडी टाकून बघता आली पाहिजे. घोंगडी मी देईन.

आपल्यापैकी ज्या कुणाला यायचे असेल त्यांनी ध्वनिमुद्रणाचे सामान घेऊन आमच्या वाड्यावर यावे. आठ दिवस आधी निरोप द्यावा म्हणजे सगळ्यांना सांगता येईल. शुक्रवार सोडून कुठलाही दिवस चालेल. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, सातांपैकी तिघी तिथे भाजी घेऊन बसतात.

आपली नम्र,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका